त्रिंबकतात्यांचं न सुटलेलं जहाज

आमच्या शेजारचे त्रिंबकतात्या माझ्यावर चिडले की आधी अर्ज देतात आणि मग ओरडतात. हा क्रम आजवर एकदाच चुकला आहे. माझ्या दुकानाच्या जनरेटरचा धूर त्यांच्या खिडकीत जातो, यावर त्यांनी दिलेला अर्ज अजून माझ्याकडे आहे. 'विषय : धुराबाबत. संदर्भ : काल सायंकाळची तोंडी सूचना. महोदय, उपरोक्त विषयान्वये...' असा पानभर. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तीही सामाईक. खिडकीतून हाक मारली असती तरी मी जनरेटर फिरवून ठेवला असता. पण तात्या चपला घालून स्वतःच्या फाटकातून बाहेर पडले, माझ्या फाटकातून आत आले, अर्ज हातात दिला आणि दुसरी प्रत पुढे करून म्हणाले, "पोच द्या."

मी पोच म्हणून सही केली. मग ते ओरडले.

तात्या पोच घेतल्याशिवाय कुठूनही हलत नाहीत. द्वारकाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वाटीभर आमटी आमच्याकडे पाठवली तरी वाटी दिल्यावर तात्या दारात घुटमळतात. आमटीवर सही कशी मागणार, म्हणून नुसतंच विचारतात, "मिळाली ना? बराबर मिळाली ना?" मी दोनदा हो म्हटलं की मगच जातात.

ही सवय नोकरीची. तात्या पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. जवळजवळ सगळी हयात डाव्या कालव्यावर गेली. कुठली चारी, म्हणजे कालव्याचा छोटा फाटा, कधी उघडायची, कुणाच्या रानाला किती तास पाणी, पुढची पाळी कुणाची, हे ठरवून देणारा माणूस. पाण्यावरून आमच्याकडे डोकी फुटतात, तेव्हा कागदाशिवाय या माणसाचं भागलं नसतं हे मला समजतं. त्यांचा एक नियम सगळ्या घनसावंगी तालुक्याला पाठ आहे : "पाणी सुटलं न्हाई तर पट्टी न्हाई." खात्याच्या चुकीनं एखाद्याची पाळी हुकली, तर त्याच्याकडून पाणीपट्टी घ्यायची नाही. हे त्यांनी साहेबाच्या तोंडावर सांगितलं होतं आणि त्यापायी एकदा बदलीही ओढवून घेतली होती.

काकू अगदी उलट. आवाज लहान, बोलणं थोडं, हट्ट कशाचाच नाही. एकच मागणं त्यांनी लग्नानंतर केलं होतं, ते मला काकूंनीच हसत हसत सांगितलं. नव्या नवरीला घेऊन तात्या कालवा दाखवायला गेले होते. तिथं त्यांनी गेज, फूट, तास असं बरंच समजावून दिलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजायला माणूस लागत न्हाई असं पाणी कुठं असतं हो?"

"समुद्रात," तात्या म्हणाले.

"मंग दाखवा की एकदा."

"ही पाळी संपू द्या," तात्या म्हणाले.

पाळ्या काही संपल्या नाहीत. रब्बीची संपली की उन्हाळी आली, उन्हाळी संपली की कालव्याची दुरुस्ती निघाली. शेवटी नोकरीच संपली. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी मी दुकान उघडतोय तोच तात्या अर्ज घेऊन उभे. 'विषय : जहाजात बसण्याबाबत.'

तीर्थपुरीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, उताऱ्याची नक्कल, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, हा माझा धंदा. जहाजाचा फॉर्म पहिल्यांदाच भरत होतो. मुंबईहून निघायचं, गोव्यावरून लक्षद्वीपपर्यंत जायचं आणि परत यायचं. तात्यांनी बाल्कनीची खोली मागितली, जादा पैसे भरून. "हिला खोलीतूनच समोर दिसलं पाहिजे. गर्दीत धक्के खात न्हाई," ते म्हणाले. "अन् जल्दी मिळंल ती तारीख घ्या." चैत्रातली मिळाली. मी पैसे भरले, पावती छापली आणि तात्यांनी तीवर माझीही सही घेतली. ती सही मला पुढं चांगलीच महागात पडली.

बातमी गावभर झाली. आमच्याकडे कुणी तीर्थाला निघालं की लोक त्याच्या हातात काहीतरी देतात, आमच्या नावानं तिथं वाहा म्हणून. लोकांनी समुद्रालाही तीर्थच धरलं. बायका नारळ घेऊन यायला लागल्या. कुणी सोबत खण दिला, कुणी हळदकुंकवाची पुडी. तात्यांनी प्रत्येक नारळावर पेनानं नाव लिहिलं आणि प्रत्येकीला चिठ्ठीवर पोच दिली. 'एक नग नारळ, समुद्रास अर्पण करण्यासाठी मिळाला.' त्यांच्या ओसरीवर वीस-बावीस नारळ ओळीनं मांडून ठेवले होते.

आणि लॉकडाऊन लागला.

जहाज सुटलं नाही, यात कंपनीचा दोष नव्हता. हे तात्यांनाही मान्य होतं. "रोगराई हाय, समजू शकतो," ते म्हणाले. "पाणी सुटलं न्हाई, पट्टी वापस द्या. विषय संपला." विषय तिथंच संपायला पाहिजे होता. पण कंपनीची मेल आली की पैसे मिळणार नाहीत, क्रेडिट व्हाउचर मिळेल. पुढे कधीतरी जहाज सुटलं की ते वापरा.

"क्रेडिट म्हंजे?" तात्यांनी मला विचारलं.

"म्हणजे तुमचे पैसे त्यांच्याकडे जमा राहतील."

"म्हंजे पैसे माझे, अन् उधारीवर मीच?"

मला आजही त्या व्हाउचरचा संताप येतो. रंगीत होतं, कोपऱ्यात नांगराचं चित्र होतं, आणि खाली 'आपल्यासोबत पुन्हा प्रवास करण्यास आम्ही उत्सुक आहोत' असं लिहिलं होतं. माणसाचे पैसे दाबून बसायचं आणि वर उत्सुक राहायचं!

तात्यांनी उत्तर लिहिलं. 'विषय : न सुटलेल्या जहाजाच्या परताव्याबाबत.' मी ते टाइप करून पाठवलं तर ते परत आलं. ज्या पत्त्यावरून मेल आली होती त्या पत्त्यावर उत्तर देता येत नव्हतं. हे तात्यांना समजावून सांगायला मला अर्धा दिवस लागला. "ज्या हाफिसातून टपाल निघतं, पण ज्या हाफिसात टपाल घेत न्हाईत, असं हाफिस असतं का कुठं?" असं ते मलाच विचारत राहिले, जणू ते हाफिस मी बांधलं होतं.

मग फोन सुरू झाले, आणि पावतीवर माझी सही म्हणून तेही माझ्याच दुकानातून. रोज सकाळी दहाला, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, तोंडाला मास्क लावून तात्या माझ्यासमोर बसायचे. फोन स्पीकरवर. आधी संगीत वाजायचं. पाऊण तास तेच संगीत. माझं डोकं उठायचं, पण तात्या ताठ बसलेले. मग पलीकडून एखादी मुलगी बोलायची आणि तात्यांची हैदराबादी हिंदी सुरू व्हायची.

"देखो मॅडम, पानी नहीं छूटा तो पट्टी कायकी?"

"सर, कौन सा पानी?"

"जहाज, जहाज! जहाज नहीं छूटा तो पैसा कायका?"

"सर, हम आपकी भावनाओं को समझते हैं."

"भावना रहने दो. पोच दो."

पोच कुणी दिली नाही. तक्रार नंबर मात्र प्रत्येक वेळी नवा मिळायचा, आणि तात्या तो वहीत लिहून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. कंपनी मात्र तारखा देत होती. आधी पावसाळ्यानंतर म्हणाली, मग दिवाळीनंतर, मग नव्या वर्षात. प्रत्येक तारखेला तात्या हटकून हो म्हणायचे आणि परतावाही मागायचे. नेमकं काय पाहिजे ते ठरवा, असं मी एकदा वैतागून म्हणालो. "जे जल्दी मिळंल ते," ते म्हणाले.

तिकडे नारळांनी वेगळाच ताप केला. घराबाहेर पडायला परवानगी मिळाली तशा बायका विचारायला लागल्या, "तात्या, आमचा नारळ गेला का हो?" दिलेला नारळ परत घेता येत नाही आणि समुद्राच्या नावाचा नारळ फोडून खाताही येत नाही. ते वाळले आणि हलवले की खुळखुळ वाजायला लागले. कालव्यात सोडून द्या, असं मी सुचवलं, तर तात्यांनी मला शासकीय कालव्यात कचरा टाकण्याबद्दलचं कलम ऐकवलं. शेवटी काकूंनीच मार्ग काढला. "गोदावरी समुद्रालाच जाती की," त्या म्हणाल्या, आणि शहागडला निघालेल्या एका टेम्पोत त्यांनी सगळं पोतं चढवून दिलं. नारळ नदीत सोडल्याचा फोटो येईपर्यंत तात्या जेवले नाहीत.

एका संध्याकाळी ओसरीवर चहा घेताना तात्या कंपनीच्या नावानं खडे फोडत होते. पुन्हा तारीख पुढं गेली होती. "नुसतं पुढं, पुढं, पुढं! माणसाला काय समजून राह्यलेत हे?"

काकू शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कंपनीवर कशाला चिडता? तुम्हीबी मला हेच सांगत आल्ता की. ही पाळी संपू द्या, ती पाळी संपू द्या."

त्या सहज बोलल्या होत्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पण तात्यांचा अर्ज नाही, ओरडणं नाही. चहा तसाच ठेवून उठले आणि घरात गेले. मला वाटलं होतं, आता हा माणूस निवळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते दुप्पट पेटून आले.

त्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. कंपनीच्या अटींची बारीक अक्षरांतली सोळा पानं मी चिकाटीनं वाचून काढली, आणि मला एक ओळ सापडली. गंभीर आजाराचं डॉक्टरांचं पत्र जोडलं, तर पूर्ण पैसे परत. मी आनंदानं उडालोच. कारण लॉकडाऊनमध्ये तात्या आणि काकू तीनदा औरंगाबादला डॉक्टरकडे गेले होते, आणि तिन्ही वेळेचे ई-पास मीच काढून दिले होते. कारणाच्या रकान्यात तात्यांनी मला लिहायला लावलं होतं, 'अर्जदाराचा रक्तदाबाचा त्रास.'

"तात्या, तुमच्या बीपीचं पत्र द्या. जोडतो. महिन्यात पैसे," मी म्हणालो.

"मला बीपी न्हाई."

"मग पासावर?"

"पासाचं पासापाशी. माझं बीपी बिलकुल ठणठणीत हाय. खोटं जोडपत्र मी जोडणार न्हाई."

आता माझाही तोल गेला. वर्षभर माझी दुकानदारी सोडून मी यांचं संगीत ऐकत होतो. "पास काढताना खोटं चाललं का? माझ्या लॉगिनवरून काढलेत ते. पोलीस मला धरतील, तुम्हाला नाही. तुम्हाला पैसे नकोच आहेत. तुम्हाला नुसतं भांडायला पाहिजे," मी म्हणालो, आणि आणखीही बरंच बोललो, जे इथं लिहीत नाही. तात्या उठून गेले. तासाभरानं अर्ज आला. 'विषय : आपल्या आजच्या वर्तनाबाबत.' मी पोच दिली नाही. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही.

सोळाव्या दिवशी दुपारी काकू दुकानात आल्या. त्या एकट्या कधी येत नाहीत. दाराशी ठेवलेला कागदाच्या रिमांचा गठ्ठा त्यांना दिसला नाही, त्या त्याला अडखळल्या आणि मी धावत जाऊन धरलं. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी पदराआडून एक घडी घातलेला कागद काढला.

"हे जोडा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या जहाजाच्या फायलीतच होतं. सगळ्यात खाली."

डॉक्टरांचं पत्र होतं. रुग्णाच्या जागी काकूंचं नाव. काचबिंदू, दोन्ही डोळे, वाढलेला. नजर आक्रसत चालली आहे, गेलेली परत येणार नाही. तारीख बुकिंगच्या आधीची होती.

मग मला पासावरचं बीपी कळलं, बाल्कनीची खोली कळली आणि 'जल्दी मिळंल ती तारीख' कळली. मला स्वतःचाच राग आला.

"त्यांनी तुम्हाला सांगितलं?" मी विचारलं.

"न्हाई. नंबर वाढलाय म्हणून सांगत्यात. थेंब टाकायचे म्हंत्यात." काकू हसल्या. "डोळे माझे हायेत, बाळा. मला ठावं नसंल का? कडंचं सगळं गेलं. समोरचं दिसतंय अजून, एवढं." त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ चेहऱ्यापुढे धरून दाखवली.

"मग तुम्हीच त्यांना सांगा ना, काकू. इतकं भांडतायत ते. समुद्र दिसावा तुम्हाला म्हणून."

"मला न्हाई बघायचा समुद्र," काकू म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "वर्ष झालं, मी काय बघून राह्यले? ह्यांचं रागानं लाल झालेलं तोंड. सकाळी फोन, दुपारी अर्ज, संध्याकाळी कंपनीला शिव्या. मला जेवढं दिसायचं उरलंय, त्याच्यात हेच बघू का? दिसतंय तवर मला ह्यांचं तोंड बघायचंय, अन् ते जरा हसरं पाहिजे. मिटवा ते जहाज एकदाचं. अन् मी दिलं म्हणून सांगू नका."

मी त्याच दुपारी पत्र जोडून पाठवलं.

पैसे महिन्याच्या आतच आले. सोबतची मेल तात्यांच्या फोनवर आली, आणि तीत लिहिलं होतं, 'वैद्यकीय कारणास्तव.' तात्या दुकानात घुसले ते अर्जाशिवाय. क्रम पहिल्यांदाच चुकला होता. गिऱ्हाइकांसमोर ते ओरडले, "मी न जोडलेलं जोडपत्र जोडायचा अधिकार तुला कुणी दिला? माझ्या फायलीत हात कुणी घातला?"

मी सांगणार नव्हतो. काकूंना शब्द दिला होता. पण तेही रागात होते आणि मीही, आणि रागात मला काही पोटात ठेवता येत नाही. मी सगळं सांगितलं. काकू आल्या होत्या ते, ओंजळ धरून दाखवली ते, आणि त्या काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द.

तात्या रिमांच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांनी विचारलं, "कवापासून ठावं हाय तिला?"

"पहिल्यापासून असणार."

"मला वाटलं, समुद्र दावल्यावर सांगू. एवढं मोठं काही बघून झाल्यावर..." त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढून ते उठले आणि गेले. पैसे बराबर आले का, हेही त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकानात कुणी आलं नाही. मला करमेना. मी भिंतीवरून डोकावलो. त्यांच्या ओसरीवर दोन खुर्च्या असतात, रस्त्याकडे तोंड करून, शेजारी शेजारी. आयुष्यभर ती दोघं तशीच बसत आली. आज तात्यांनी आपली खुर्ची उचलून काकूंच्या बरोबर समोर आणून ठेवली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. रस्त्याकडे पाठ. तोंडावर ऊन येऊ दिलं होतं, नीट दिसावं म्हणून. फोन कुठं दिसत नव्हता. आणि तात्या हसत होते. म्हणजे हसायची खटपट करत होते. या माणसाला हसायचा सराव नाही. ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखे, मान ताठ, हात मांडीवर आणि सगळे दात बाहेर, असे ते हलायचं नाव न घेता बसले होते.

काकू बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुरे आता. जबडा दुखंल."

"न्हाई दुखत," तात्या दातांतूनच म्हणाले. "बघून घ्या."